तुष्या, ती शिवी माझी होती

तुष्या, तुला जाऊन आज एकोणतीस दिवस झाले. या एकोणतीस दिवसांत तुझ्या मामाच्या तोंडून एकही शिवी गेलेली नाही. टाकव्यात कुणाला सांगितलं तर पोट धरून हसतील. परवा एका विहिरीवर मोटारीची पेटी बसवताना हातोडी अंगठ्यावर बसली, नख काळंनिळं झालं, आणि मी नुसता भिंत धरून उभा राहिलो. शेताचा मालक घाबरून म्हणाला, "वायरमन, बरं वाटत न्हाई का?" बरं कसलं वाटतंय! तोंड उघडलं की जो पहिला शब्द वर येतो तो गिळतो, आणि तो गिळला की त्याच्या मागं दुसरा शब्द नसतोच. पन्नाशीला आलेला माणूस मी, आता बोलायला शिकतोय.

तुझ्या आईला दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात. कमळ माझी धाकटी बहीण. तिच्यापासून मी आजवर काही लपवलं नाही. तिच्या लग्नात मांडवातली वायरिंग जळाली, तेव्हासुद्धा आधी तिलाच जाऊन सांगितलं होतं. आणि आता महिना होत आला, वाडीवर जातो, तिच्यासमोर बसतो, चहा पितो, उठून येतो. ती विचारते, "दादा, काय म्हणत व्हतास?" मी म्हणतो, काही नाही. म्हणून आधी तुला सांगतो. तुला त्यातलं बरंचसं माहीतच आहे.

तुझ्या दोस्तांनी फाट्यावर तुझा फ्लेक्स लावलाय. गॉगल घातलेला फोटो, खाली 'दिलदार मनाचा राजा', आणि त्याखाली वीस पोरांची नावं, ज्याच्या त्याच्या फोटोसकट. तिसऱ्या दिवशी जीप स्टँडवर त्यांनी शोकसभा ठेवली. कान्ह्यापासून टाकव्यापर्यंत चालणाऱ्या सगळ्या जीपा एका रांगेत बंद करून उभ्या. तुझ्या जोडीनं जीप चालवणारा गण्या बोलायला उठला. त्यानंच तुला रस्त्यावरून उचललं होतं. रडून रडून घसा बसला होता त्याचा. तू त्याचा कोण होतास ते त्याला सांगायचं होतं, आणि तोंडातून निघाली शिवी. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तीच. "तुष्या, तुझ्या..." आणि गप्प. असं तीनदा झालं. बायकांनी माना खाली घातल्या, म्हाताऱ्यांनी घसे खाकरले.

लोकांना राग आला. मला भीती वाटली. एवढा चोवीस वर्षांचा गडी, जिवाभावाचा दोस्त गेलाय, आणि त्याच्याजवळ रडायला दुसरा शब्द नाही. जीप सुरू होत नाही म्हणून तोच शब्द, मॅच जिंकली म्हणून तोच, आणि दोस्त मेला म्हणूनही तोच. मग पोरं मला म्हणाली, "मामा, तुमी बोला दोन शब्द." मी उभा राहिलो, हात जोडले आणि खाली बसलो. माझ्याकडं तरी कुठं होता?

आता पहिली गोष्ट. तुझ्या जावळाची.

तुला तिसरं लागलं होतं. वाडीवर तुमच्या अंगणात पाट मांडला. मामाच्या मांडीवर भाच्याला बसवायचं म्हणून मला नवी टोपी, नवा टॉवेल. तुझी आत्या केस झेलायला पदर पसरून बसलेली, आख्खी वाडी गोळा झालेली. जावळ काढायला वडगावहून बबनआबा आले होते. वस्तरा बघितलास आणि तू जो सूर लावलास! पेढा दिला, खुळखुळा वाजवला, कुणीतरी कोंबडी धरून आणली. तू ऐकायला तयार नाहीस, मान हलवतोयस, आणि बबनआबा म्हणतायत, "वायरमन, नीट धरा, न्हाई तर कान जाईल पोराचा." मी तुझ्या कानाशी लागलो आणि हळूच एक शिवी सांगितली. आईवरची, आख्खी. म्हटलं, "आबाला दे." तू रडता रडता थांबलास, माझ्याकडं बघितलंस, आणि बोबड्या बोलात ती खणखणीत दिलीस.

काय हशा पिकला म्हणून सांगू! बबनआबा वस्तरा बाजूला ठेवून हसले. आत्याच्या पदरातले केस सांडले. तुझा बाप कोपऱ्यात डोळे पुसत होता. तू तर चकित. इतकी माणसं एकदम आपल्याकडं बघून हसतायत, हे तुला पहिल्यांदाच दिसलं असेल. रडणं विसरून तू पुन्हा दिलीस. पुन्हा हशा. आबांनी डोकं पुरं करेपर्यंत तू दहा-बारा वेळा तरी दिली असशील, आणि दर वेळी मी तुझी पाठ थोपटली. त्या दिवसापासून घरी कुणीही आलं की तुला मधे उभं करायचं आणि विचारायचं, "म्हण रे, मामानं काय शिकवलं?" म्हटलंस की चॉकलेट. हौस रे, दुसरं काय! मला वाटलं, पोरगं धीट निघणार.

पाचवीला तू माझ्याकडं टाकव्याला आलास. वाडीवरून शाळेला यायचं तर एसटी एक, आणि पावसाळ्यात तिचाही भरवसा नाही. माझ्या घरात वाढलास आणि माझ्या तोंडाखाली वाढलास. गावात माझ्या शिव्यांचं कौतुक होतं. लोक मुद्दाम डिवचायचे, वायरमन आज काय हासडतो ते ऐकायला. शिमग्याला एक दिवस तोंड सोडायची मुभा असते, आपल्या घरात बारा महिने शिमगा. सातवीत तुझ्या मास्तरांनी मला बोलावून घेतलं, पोराच्या तोंडाला काही बांध घाला म्हणाले. मी "घालतो" म्हटलं, आणि शाळेच्या फाटकाबाहेर येऊन तुझ्यासमोरच मास्तरांच्या नावानं एक घातली. तू काय हसलास तेव्हा. मीही हसलो.

पण तुझ्यात जे चांगलं होतं ते माझ्याकडचं नव्हतं, ते कमळचं होतं. शाळेच्या पोरी फाट्यावर भिजत उभ्या दिसल्या की तू भरलेली जीप थांबवायचास, दोन गड्यांना उतरवून मागं लटकायला लावायचास आणि पोरींना आत घ्यायचास. खांडीच्या म्हाताऱ्या मावशींची करवंदांची पाटी स्वतः उतरवून द्यायचास. आणि असं कुणी जीपमध्ये असलं की तुझं तोंड एकदम स्वच्छ! मी एकदा मागच्या सीटवर बसून पाहिलंय. कान्ह्यापासून टाकव्यापर्यंत एक वावगा शब्द नाही. आडव्या आलेल्या म्हशीलासुद्धा "चला बाई, चला" म्हणालास. उतरल्यावर मी विचारलं, "काय रे, आज उपास हाय का तोंडाचा?" तू म्हणालास, "मावशी बसल्या व्हत्या ना, मामा. त्यांच्याफुडं कसं बोलायचं?"

म्हणजे तुला थांबता येत होतं, तुष्या. तेव्हाच मी ते धरायला हवं होतं. मी तुझ्या पाठीत गुद्दा घातला आणि हसण्यावारी नेलं.

गेल्या सुगीत भात झोडून झालं होतं. कमळ अंगणात सूप घेऊन पाखडत होती, मी ओट्यावर बसलो होतो आणि तू जीपखाली पडून काहीतरी खटपट करत होतास. पोतं धरायला म्हणून तिनं तुला हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला जीपखालून तुझा आवाज आला आणि त्या आवाजात तीच शिवी आली. आईला, आईवरची. तुझ्या लक्षातही आलं नसेल. सूप थांबलं. एवढंच झालं. मग सूप पुन्हा चालू झालं. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. मी उठलो, तुझे पाय धरून तुला जीपखालून ओढलं आणि कानाखाली लावली. बावीस वर्षांच्या पोराला, सगळ्या वाडीसमोर.

तू गाल धरून म्हणालास, "मामा, मारतोस कशापायी? तूच शिकवलंस की."

आपला वाद तिथून सुरू झाला. मी म्हणायचो, आईला कुणी असं बोलतं का? तू म्हणायचास, "आईला कुटं बोललो मी? त्यात कुणाची आई नसती, मामा. नुसती बोलायची रीत हाय ती." मी म्हणायचो, सोड. तू म्हणायचास, आदी तू सोड. आणि मी सोडत नव्हतो. मला वाटायचं, आपलं काय, आपलं वय झालं, पोरानं सुधारावं. तू दारात आलास की मी प्रवचन सुरू करायचो, आणि त्या प्रवचनातही मधेमधे माझ्या शिव्या. हळूहळू तू यायचाच बंद झालास. तुझी मामी म्हणायची, अहो, पोरगं आलं की चार शब्द गोड बोला. गोड बोलायला मला येत नव्हतं, हे खरं कारण. कधी शिकलोच नव्हतो.

दुसरी गोष्ट शनिवारची. ही तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

दुपारी तू जीप घेऊन दारात आलास, कित्येक दिवसांनी. हॉर्न बंद पडला होता. "मामा, उद्या लोणावळ्याला चाललोय पब्लिक घिऊन. लय गर्दी असती. तेवढा हॉर्न बग की." वायर कुठंतरी तुटली असणार. पाच मिनिटांचं काम होतं, टेस्टर माझ्या खिशातच होता. पण मला चेव आला. म्हटलं, आज हा गरजेला आलाय, आज याला धडा शिकवायचा. म्हणालो, "आदी तोंड दुरुस्त कर, मग हॉर्न." आणि एवढ्याशा वाक्यात, तुष्या, मीच शिवी घातली.

तू बॉनेटवर हात टेकून हसलास. "मामा, काय बोललास त्ये आईकलंस का?" मला लाज वाटायला हवी होती, मला राग आला. आत गेलो आणि दार लावून घेतलं. तू बाहेर थांबलास. खिडकीतून मला दिसत होतास. एकदा दाराकडं बघितलंस, एकदा बॉनेट उघडून आत डोकावलास, मग नुसता उभा राहिलास. मग गेलास.

रविवारचं मला गण्यानं सांगितलं, त्याची जीप तुझ्या मागंच होती. धरणाकडच्या रस्त्याला पाऊस, धुकं, गाडीला गाडी लागलेली. तुझी जीप चढावर उभी होती, आत पाच जण होते, आणि पुढची कार मागं सरकायला लागली. दुसऱ्या कुणी हॉर्न दाबला असता. तू खिडकीतून अर्धा बाहेर आलास आणि ओरडलास. ओरडण्यात पहिला शब्द कुठला होता ते काही वेगळं सांगायला नको. कार थांबली. टेकलीसुद्धा नाही. पण तिच्यातून तुझ्याच वयाचं एक पोरगं उतरलं आणि म्हणालं, "परत बोल." तू परत बोललास. तुला त्यात काय, तू दिवसातून शंभरदा बोलायचास. खाली उतरलास, तेव्हा गण्या म्हणतो, तू अर्धवट हसतही होतास. त्यानं तुला ढकललं. ओला रस्ता, तू मागच्या मागं गेलास, मोरीच्या कठड्यावर डोकं आपटलं. ते पोरगं पळालं नाही. स्वतःच्या हातांकडं बघत तिथंच उभं राहिलं. तळेगावच्या दवाखान्यात तू दोन दिवस होतास, पण डोळे काही उघडले नाहीस.

गावात एक जण पारावर म्हणाला, "तोंडानं मेला पोरगा." मी त्याची कॉलर धरली. शिवी दिली म्हणून माणसानं मरावं, असा कायदा कुठल्या देवानं केलाय? ज्यानं ढकललं त्याचा गुन्हा त्याच्या पदरात, तो भोगेल. हे सगळं मला त्या माणसाला सांगायचं होतं. पण तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. कॉलर सोडून घरी आलो आणि न्हाणीत जाऊन रडलो.

तेराव्यानंतर त्या पोराचा बाप माझ्याकडं आला. वराळ्याला राहतात, कंपनीत कामाला आहे. रेनकोट न काढता दारातच उभा राहिला. माफी मागायला तोंड नाही, म्हणाला, एक गोष्ट तेवढी सांगायला आलोय. "त्याची आई उन्हाळ्यात गेली. महिनाभर दवाखान्यात होती, तिच्या उशाशी पोरगंच होतं. तेव्हापासून तो घरात कुणाशी बोलत नव्हता. त्या दिवशी मित्रांनीच बळेबळे फिरायला नेला. आणि तिथं तिच्यावरून..." मी त्याला आत या म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. तो गेला. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच संताप आला.

त्यात कुणाची आई नसते, म्हणायचास ना? होती रे. नुकतीच गेली होती.

तुझ्या स्टँडवरच्या पोरांना मी हे सांगून पाहिलं. म्हटलं, "बाबांनो, तुमी ज्याच्या अंगावर शब्द फेकता, त्याच्या घरात काल काय झालंय, तुमाला म्हाईत असतं का? तुमी गमतीत बोलता, त्यो कशात हाय त्ये कुणी बगितलंय?" एकानं मान हलवली, "व्हय मामा, खरं हाय." आणि वळून जीप सुरू करायला गेला. ती झाली नाही, तर तिलाच घातली एक. गण्या तेवढा बसून राहिला. म्हणाला, "मामा, मला येत न्हाई वो दुसरं कायबी." मी म्हटलं, "मला तरी कुटं येतं? शिकू."

*

इथवर लिहून मी चार दिवस वही मिटून ठेवली. काल सकाळी वाडीवर गेलो. एसटी आली नाही म्हणून चालत निघालो, दोन तास लागले. लावण्या उरकल्यात, तुमची खाचरं हिरवी झालीयेत. तुझा बाप रानात गेला होता. कमळ चुलीपुढं होती. मी उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसलो, आणि चहाचा कप येण्याआधीच बोलायला लागलो. म्हटलं, चहा प्यायला की पुन्हा उठून जाईन.

पहिली गोष्ट सांगितली, जावळाची. तिनं फुंकणी खाली ठेवली. म्हणाली, "दादा, ह्ये काय सांगतोस मला? मी तितंच व्हते. मी बी हसले. पाव्हणं आलं की त्याला मदी उभा करणारी मीच. तू एकट्यानं कशाला डोक्यावर घेतोस?" आणि उठून माझ्याजवळ येऊन तिनं माझा हात धरला. महिनाभरात पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. एक मन म्हणालं, आता पुरे, इथंच थांब. पण तसं थांबलो असतो, तर आज तुझ्याशी बोलायला बसलो नसतो.

मग हॉर्नचं सांगितलं. पाच मिनिटांचं काम होतं, हे सांगितलं. टेस्टर खिशात होता, हे सांगितलं. दार लावलं आणि तू खिडकीतून दिसत होतास, हेही सांगितलं. तिनं हात काढून घेतला. झटक्यानं नाही, सावकाश.

"किती येळ उभा व्हता त्यो?"

"असंल धा मिंटं."

"धा मिंटं," ती म्हणाली.

चुलीत लाकूड तडतडत होतं. म्हटलं, "कमळे, बोल काय तरी. दे शिवी मला. तोंडात यील ती दे, मी आईकून घेतो." ती माझ्याकडं बघत राहिली. ओठ हलले तिचे. पण ज्या बाईनं आयुष्यात कधी गुरालासुद्धा वाकडा शब्द काढला नाही, ती कुठून आणणार? तिच्याकडं शिवीच नव्हती रे. ती चुलीपाशी परत गेली, परात ओढली आणि पिठाचा गोळा हातावर घेतला.

तिची एक भाकरी झाली, दुसरी झाली. दुपार भरली होती. चुलीवर कालवण रटरटत होतं. मी उठलो, छत्री घेतली, चपला घातल्या आणि उंबऱ्यापाशी उगाच छत्रीचं बटण खालीवर करत राहिलो. तिचं लग्न झाल्यापासून त्या घरातून मी कधी उपाशी बाहेर पडलेलो नाही. तिसरी भाकरी तिनं तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. मी अंगणात उतरलो, बांधापर्यंत गेलो, तिथंही थोडा थांबलो.

तुष्या, तुझी आई "दादा, जेवून जा" म्हणाली नाही.